कॅनडातली पानगळ : कुठे, कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या कपड्यांत

“ऑक्टोबरात कॅनडाला चाललोय, थंडी किती असेल?” या प्रश्नावर उलट प्रश्नच विचारावा लागतो : कॅनडात कुठे? पूर्व टोकाचं सेंट जॉन्स व्हँकूव्हरपेक्षा लंडनला जवळ आहे. एकाच देशात सहा वेगवेगळी घड्याळं चालतात. ऑक्टोबरातल्या एखाद्या मंगळवारी व्हँकूव्हरला सकाळपासून झड लागलेली असते, कॅल्गरीत रात्री पडलेला बर्फ दुपारी वितळून रस्त्याकडेला राड झालेली असते आणि टोरंटोत लोक पातळ स्वेटरवर फिरत असतात. त्यामुळे ‘कॅनडाचं सरासरी तापमान’ शोधून बॅग भरणं व्यर्थ.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने इथली पानगळ. आपल्या सणांच्या हिशेबाने ढोबळ सांगायचं तर गणपतीत उन्हाळ्याचं शेपूट असतं, नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास रंग असतात, आणि दिवाळी नोव्हेंबरात आली तर अंगणातली पणती हातमोजे घालून लावावी लागते.

पायरी १ : जागा ठरवा, मगच तारीख

*व्हँकूव्हर आणि पॅसिफिक किनारा.* इथे थंडीपेक्षा पावसाची तयारी हवी. सप्टेंबरात दुपारी १८-२० अंश आणि बऱ्यापैकी ऊन असतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून समुद्रावरून ढगांच्या रांगा यायला लागतात. नोव्हेंबर हा बहुधा वर्षातला सगळ्यात ओला महिना, दीडशे ते दोनशे मिलिमीटरचा. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, कारण जुलैत मुंबईत एवढा पाऊस कधी कधी एका दिवसात पडतो. पण आपला पाऊस कोसळतो आणि उबदार असतो. इथला सात-आठ अंशांत दिवसभर झिमझिमत राहतो, आणि एकदा भिजलेले बूट दुसऱ्या दिवशीही ओलेच असतात. अधूनमधून उष्ण कटिबंधाकडून बाष्पाचा लांबलचक पट्टा येऊन धडकतो. २०२१ च्या नोव्हेंबरात अशाच पावसाने व्हँकूव्हरहून पूर्वेकडे जाणारा कोकिहाला महामार्ग जागोजागी तुटला आणि काही आठवडे बंद राहिला. किनाऱ्यावरून डोंगरात जायचं असेल तर नोव्हेंबरात एक दिवस हाताशी मोकळा ठेवा.

*कॅल्गरी, बॅन्फ आणि रॉकी पर्वत.* इथे फसवणूक होते ती दुपार बघून. सप्टेंबरात दुपारी १८-२० अंश असतात आणि पहाटे तीन-चार. ऑक्टोबरात पहाटेचा पारा शून्याखाली जाणं रोजचंच. बर्फ सप्टेंबरातही पडतो. २०१४ साली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅल्गरीत जोरदार हिमवर्षाव झाला आणि शहरभर झाडं मोडली. झाडांवर अजून हिरवी पानं होती, ओला बर्फ पानांवर साठत गेला आणि ते वजन फांद्यांना पेललं नाही. याच्या उलट प्रकार म्हणजे चिनूक. हा वारा पर्वत ओलांडून खाली उतरताना दाबला जातो, तापतो आणि काही तासांत पारा दहा-पंधरा अंशांनी वर नेतो. सकाळी जाड जाकीट, दुपारी शर्ट. म्हणून इथे एका जाड कपड्यापेक्षा काढता-घालता येणारे तीन पातळ कपडे चांगले.

*विनिपेग, रिजायना आणि मधली सपाटी.* वाऱ्याला अडवणारं काही नाही. ऑक्टोबरात दिवसा दहा-अकरा अंश, नोव्हेंबरात दिवसासुद्धा शून्याच्या आसपास.

*ओंटारियो आणि क्वेबेक.* बहुतेक मराठी पाहुणे इथेच येतात, कारण मुलं-सुना-जावई याच पट्ट्यात आहेत. टोरंटोत सप्टेंबरात दुपारी २१-२२ अंश, ऑक्टोबरात १४ च्या आसपास, नोव्हेंबरात सात-आठ. रात्री त्याहून सात-आठ अंश कमी. माँट्रियल अंश-दोन अंशांनी थंड, क्वेबेक शहर आणखी थोडं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तीस अंशांचे दिवसही येतात, तेव्हा विद्यार्थ्यांनी उतरल्या उतरल्या धास्तीने जाड कोट विकत घ्यायची गरज नाही.

*अटलांटिक किनारा.* हॅलिफॅक्सला तापमान टोरंटोसारखंच, पण वारा वेगळा. सप्टेंबरात समुद्र वर्षातला सगळ्यात उबदार असतो, त्यामुळे दक्षिणेकडून आलेली चक्रीवादळं इथवर दम धरून पोचतात. २००३ च्या सप्टेंबरअखेर हुआन हॅलिफॅक्सवर आदळलं, २४ सप्टेंबर २०२२ ला फियोना नोव्हा स्कोशियावर. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटाच्या सहलीचं हॉटेल घेताना पैसे परत मिळणारं आरक्षण घ्या, भले थोडं महाग पडो. छत्री मात्र घरीच ठेवा. इथला वारा ती पहिल्या वळणावर उलटी करतो.

*उत्तर.* यलोनाइफला उत्तर ध्रुवीय प्रकाश बघायला ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जावं. रात्री अंधाऱ्या झालेल्या असतात, तळी अजून गोठलेली नसतात आणि पाण्यात प्रतिबिंबही दिसतं. ऑक्टोबर पुढे सरकला की थंड हवा अजून न गोठलेल्या तळ्यांवरून जाते आणि ढग धरतात, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ टाळलेला बरा. चर्चिलची ध्रुवीय अस्वलं ऑक्टोबर-नोव्हेंबरची. हडसन उपसागर गोठायची वाट बघत ती किनाऱ्यावर थांबलेली असतात. चर्चिलला रस्ता जात नाही. विमान, नाहीतर विनिपेगहून दोन रात्रींची रेल्वे. तिथे नोव्हेंबरात दिवसाही पारा उणे दहाच्या आसपास असतो, ती पानगळ नव्हे.

पायरी २ : रंगांसाठी जायचं तर आठवडा नेमका धरा

रंग तीन महिने टिकत नाहीत. एका जागी भर असतो तो साधारण आठवडा-दहा दिवस, आणि एका वादळी रात्रीत तो संपतोही.

पिवळा रंग पानात उन्हाळ्यापासून असतोच. हरितद्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो. मेपलचा लाल मात्र पानगळीच्या दिवसांत नव्याने तयार होतो. त्याला लख्ख ऊन आणि थंड पण न गोठणाऱ्या रात्री लागतात. सप्टेंबर ढगाळ आणि उबदार गेला तर लाल फिका पडतो, कडक दंव लवकर पडलं तर पानं तपकिरी होऊन गळतात.

ढोबळ क्रम असा. युकॉनमध्ये ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. बॅन्फजवळचे लार्च वृक्ष (सूचिपर्णी असूनही पिवळे होऊन गळणारे) सप्टेंबरचे शेवटचे दहा-बारा दिवस. टोरंटोच्या उत्तरेकडचं अल्गॉनक्विन उद्यान, मस्कोका आणि क्वेबेकमधलं माँ ट्रॉम्ब्लाँ इथले शुगर मेपल सप्टेंबरचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ओटावाजवळचं गॅटिनो पार्क आणि केप ब्रेटन ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा. टोरंटो शहर आणि नायगारा ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे. व्हँकूव्हर सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरअखेरपर्यंत आणि थोडं पुढेही.

नेहमीची चूक म्हणजे टोरंटोतल्या झाडांकडे बघून अल्गॉनक्विनला निघणं. शहरातला मेपल लाल झाला म्हणजे उत्तरेकडचे मेपल उघडे-बोडके झालेले असतात. ओंटारियो पार्क्स दरवर्षी प्रत्येक उद्यानात रंग किती टक्के आला आणि पानं किती गळली याचा अहवाल देतं. तो बघूनच निघा. उशीर झालाच तर निराश होऊ नका : अल्गॉनक्विनमध्ये मेपल गळल्यावर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ॲस्पेन आणि टॅमरॅक या झाडांचा पिवळा असतो, आणि गर्दी निम्मीही नसते.

पायरी ३ : आरक्षणं

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार थँक्सगिव्हिंगचा. त्या शनिवार-रविवारला जोडून सगळा देश बाहेर पडतो आणि नेमके रंगही तेव्हाच असतात. अल्गॉनक्विनचा गाडीचा दिवसाचा परवाना आधी ऑनलाइन घ्यावा लागतो. रंगांच्या दिवसांत दारात जाऊन मिळेल ही आशा धरू नका. बॅन्फच्या मोरेन तलावाच्या रस्त्यावर २०२३ पासून खाजगी गाड्या जातच नाहीत. पार्क्स कॅनडाची बस आधी आरक्षित करावी लागते, आणि काही जागा प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ ला (तिथल्या वेळेने) खुल्या होतात. तो रस्ताही ऑक्टोबरच्या मध्याला हिवाळ्यासाठी बंद होतो. ह्यूरन तलावातली ची-चीमॉन ही फेरीबोटदेखील थँक्सगिव्हिंगनंतर लगेच थांबते.

पायरी ४ : कपडे

तीन थर, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. अंगालगतचा थर घाम बाहेर काढतो, मधला ऊब धरतो, वरचा वारा-पाऊस अडवतो.

अंगालगत सुती बनियन नको. सूत ओल धरून ठेवतं, चढ चढून घाम आला आणि मग थांबलात की तीच ओल अंगाची ऊब खेचते. पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल घ्या. ते महाराष्ट्रातून नेलं तरी चालतं. मधला थर म्हणजे फ्लीस किंवा घरचा लोकरीचा स्वेटर. तोही नेता येतो.

वरच्या जाकिटात लोक फसतात. ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ एक नव्हे. दुकानात जाकीट उलटं करून खांद्याची शिवण बघा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तर ते पाऊस झेलेल. नुसती दोऱ्याची टिपच दिसत असेल तर व्हँकूव्हरच्या पावसात अर्ध्या तासात खांदे भिजतात. पिसं भरलेलं फुगीर जाकीट कोरड्या थंडीसाठी उत्तम, पण भिजलं की पिसं चिकटून चपटी होतात आणि ऊब जाते. ते व्हँकूव्हरपेक्षा विनिपेगला शोभतं. खरा हिवाळी कोट हवा असेल तर तिथेच घ्या. आपल्याकडच्या दुकानांत ‘उणे वीस’ लिहिलेल्या कोटाची लांबी अनेकदा कमरेपर्यंतच असते आणि वारा खालून शिरतो.

किती थर? १५ अंशांच्या वर दोन पुरतात. ५ ते १५ मध्ये तिन्ही थर, मधला पातळ. ५ च्या खाली तिन्ही थर, शिवाय कानटोपी, मफलर, हातमोजे. कान झाकले की निम्मं काम होतं.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की पाय जास्तच गारठतात, कारण रक्तप्रवाह आवळला जातो आणि ऊब धरणारी हवा बुटात उरत नाही. एक जाड लोकरी मोजा पुरतो. सप्टेंबरात स्पोर्ट्स शूज चालतात. नोव्हेंबरात घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, खाचदार तळव्याचे बूट हवेत.

साडी नेसणाऱ्या आई-आजींसाठी : परकराच्या आत थर्मल लेगिंग, वर गुडघ्यापर्यंतचा कोट. साडी घोट्याच्या वर राहील इतकी उंच नेसा. काठ ओल्या पानांवरून घासला की पाणी कापडातून वर चढतं आणि तासाभरात पोटरीपर्यंत गार ओल येते. सॅंडल आणि मोजे ही जोडी ऑक्टोबरात सोडून द्या.

पायरी ५ : अंदाज वाचायला शिका

सरकारी हवामान खात्याचं वेदरकॅन हे ॲप फोनवर घ्या. पाच दिवसांपलीकडचा अंदाज कल समजण्यापुरता. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा तासागणिक अंदाज उघडा आणि तीन आकडे बघा : सकाळी ८ चं तापमान, वाऱ्याचा वेग, पावसाची शक्यता.

वाऱ्याचा आकडा सर्वांत दुर्लक्षित. पारा शून्यावर आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी उणे सहासारखी लागते. पारा उणे दहा असेल तर त्याच वाऱ्यात उणे वीससारखी. अंदाजात हा आकडा ‘विंड चिल’ म्हणून वेगळा येतो. कपडे त्यावरून ठरवा. ‘४० टक्के पाऊस’ म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस नव्हे. दहात चार वेळा पडेल, एवढीच ती शक्यता. इशारे पिवळा, नारिंगी, लाल या रंगांत येतात. आपल्याकडे पावसाळ्यात ज्यांना हे रंग बघायची सवय आहे, त्यांना वेगळं शिकावं लागणार नाही.

दोन इशाऱ्यांना हलकं घेऊ नका. एक ‘फ्रीझिंग रेन’. पाऊस द्रवरूपातच पडतो, पण जमिनीलगतची हवा शून्याखाली असल्याने टेकताक्षणी गोठतो. पायऱ्या, कठडे, गाडीचं दार, सगळ्यावर काचेचा थर. नोव्हेंबरपासून पूर्व ओंटारियो आणि सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात हे होतं, कारण खोऱ्यात थंड हवा तळाशी साचून राहते. अशा दिवशी बाहेर पडू नये.

दुसरा ‘स्नो स्क्वॉल’. नोव्हेंबरात मोठ्या तलावांचं पाणी अजून उबदार असतं. वायव्येकडून कोरडा गार वारा ह्यूरन तलाव आणि जॉर्जियन बे यांच्यावरून वाहतो, बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर पोचताच बर्फ टाकतो. हे पट्टे काही किलोमीटरच रुंद असतात. गावात ऊन असतं आणि पुढच्या गावापाशी गाडीचं बॉनेट दिसत नाही. टोरंटो बहुधा वाचतं. बॅरी, कॉलिंगवूड, ओवेन साउंडचा भाग सापडतो. टोरंटोचं आकाश बघून उत्तरेला निघालेले लोक इथेच अडकतात.

पायरी ६ : गाडी भाड्याने घेणार असाल तर

साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होतं आणि पकड सुटते, रस्ता कोरडा असला तरी. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. क्वेबेकमध्ये सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च. ओंटारियोत सक्ती नाही, त्यामुळे भाड्याच्या गाडीला ते नसण्याचीच शक्यता जास्त. आरक्षण करताना विचारा, आणि गाडी ताब्यात घेताना टायरच्या कडेवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का, ते स्वतः वाकून बघा.

काच धुण्याचं द्रव कोणतं भरलंय तेही विचारा. उन्हाळी द्रव काचेवर फवारताक्षणी गोठतं आणि महामार्गावर समोरचं दिसेनासं होतं. उणे चाळीसपर्यंत न गोठणारं द्रव पेट्रोल पंपावर मिळतं. बर्फ खरवडायची पट्टी गाडीत असू द्या, आणि फक्त समोर डोकावण्यापुरती काच साफ करून निघू नका. टपावरचा बर्फ ब्रेक लावताच घसरून काचेवर येतो.

पहाटे पुलांवर वेग कमी. पुलाखालून गार हवा वाहते, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून रस्ता कोरडा असताना पूल आधी गोठतो. हा बर्फ दिसत नाही, रस्ता फक्त ओला वाटतो. घसरलात तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि जिकडे जायचंय तिकडे बघत चाक हळू वळवा. ओल्या पानांचा थरही तितकाच निसरडा.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा मूसचा (हरणांच्या कुळातला प्रचंड प्राणी) आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांचा माजाचा काळ. तिन्हीसांजेला आणि पहाटे ती रस्त्यावर येतात. मूसचे पाय इतके उंच की दिव्यांच्या उजेडात डोळे चमकत नाहीत आणि धडक बसली तर धड थेट काचेवर येतं. न्यूफाउंडलंडमध्ये आणि उत्तर ओंटारियोत अंधारात गाडी हाकणं टाळाच.

लेक लुईस ते जास्परचा आइसफील्ड्स पार्कवे सव्वादोनशे किलोमीटरहून लांब आहे. बहुतेक वाटेत फोनला रेंज नाही आणि मधला एकमेव पेट्रोल पंप हिवाळ्यात बंद असतो. टाकी भरूनच निघा.

पायरी ७ : उजेडाचा हिशेब

टोरंटोत १ ऑक्टोबरला सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेर पावणेपाचच्या आत. मध्ये, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, टोरंटोची घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकाएकी गायब होते. सस्कॅचवनचा बहुतेक भाग आणि युकॉन घड्याळ बदलत नाहीत. घरी फोन लावणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच : भारत टोरंटोच्या साडेनऊ तास पुढे असतो, त्या रविवारपासून साडेदहा. पायवाटांवर जाताना परतीची वेळ सूर्यास्ताच्या दोन तास आधीची धरा. झाडीत अंधार लवकर पडतो.

पायरी ८ : रानातल्या दोन गोष्टी

थंडी पडली म्हणून गोचिडी संपल्या असं नाही. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड पारा चार अंशांच्या वर असला की हलते-फिरते. दक्षिण ओंटारियो, क्वेबेक, नोव्हा स्कोशियात पँट मोज्यात खोचा, पानांच्या ढिगात लोळून फोटो काढल्यावर काखा, गुडघ्यामागची बाजू आणि केसांची मुळं तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. आणि रॉकीत अस्वलं हिवाळ्यापूर्वी दिवसभर खात फिरत असतात. बेअर स्प्रे (अस्वलाला पिटाळायचा तिखट फवारा) विमानात नेता येत नाही, तो बॅन्फमध्ये भाड्याने मिळतो.

पायरी ९ : घरात

हीटर सुरू झाला की घरातली हवा कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून क्वचित रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक झटका बसतो. झोपायच्या खोलीत ह्युमिडिफायर लावा आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा. खोबरेल मात्र बाटलीत घट्ट झालेलं असेल, कारण ते २४ अंशांखाली थिजतं आणि घरं २०-२१ वर ठेवलेली असतात. बाटली गरम पाण्यात पाच मिनिटं उभी करा. विरजण लागत नसेल तर भांडं ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन सुरू न करता, फक्त आतला दिवा लावून.

पायरी १० : निघायच्या आदल्या रात्री

वरचं जाकीट, कानटोपी, एक जाड मोज्यांची जोडी आणि रोजची औषधं केबिन बॅगेत. मोठी बॅग चुकून मागच्या विमानाने आली तर उतरल्यापासून ती मिळेपर्यंतची थंडी याच चार वस्तूंवर काढायची आहे. घ्यायला येणाऱ्यांना टर्मिनल आणि दाराचा नंबर कळवून ठेवा, आणि गाडी समोर येईपर्यंत काचेच्या आतच थांबा.